चाककमानी व त्यांचे संरक्षण

चाककमान म्हणजे मोटारगाडीच्या बॉडीत चाक सामावून घेण्यासाठी व खाचखळग्यांतून जाताना त्याला वरखाली हलता यावे म्हणून ठेवलेली कमानीच्या आकाराची पोकळी होय. तिच्या बाहेरील दर्शनी पत्र्यास मडगार्ड म्हणतात. दुरुस्तीच्या कारखान्यांतून संपूर्ण पोकळीस व्हील आर्च हे नाव रूढ आहे. शेते, जंगले, खाणी, नदीपात्रे व युद्धक्षेत्रे अशा पक्के रस्ते नसलेल्या भागांत चालणाऱ्या वाहनांच्या चाककमानींना दोन प्रकारचे उपद्रव सोसावे लागतात. चाकाने उडविलेल्या दगडगोट्यांचा मार हा पहिला आणि साचलेल्या ओल्या चिखलाखाली पत्रा गंजणे हा दुसरा. पहिला ताबडतोब नजरेस येतो. दुसरा वर्षानुवर्षे दृष्टीआड चालू राहतो व शेवटी अधिक घातक ठरतो. चाककमानीच्या संरक्षणाचा इतिहास हा मुख्यत्वे या दुसऱ्या उपद्रवाची जाणीव सावकाश होत गेल्याचा इतिहास आहे. आरंभी मडगार्ड होते ते प्रवाशाचे रक्षण करण्यासाठी. पुढे त्या मडगार्डचेच रक्षण कसे करावे, हा प्रश्न उभा राहिला.

पूर्वपीठिका : मोटारगाडीच्या आधी घोडागाड्यांत या साधनाचा उगम आढळतो. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी पाश्चात्त्य घोडागाड्यांत चालकाच्या पुढे लाकडाची किंवा चामड्याची उभी फळी बसवीत. तिला डॅशबोर्ड म्हणत आणि हेच नाव पुढे मोटारगाडीतील मापकांच्या फलकास मिळाले. चाकांवर वक्र पट्ट्या बसविण्याची पद्धतही घोडागाड्यांतूनच आली. मुंबईतील व्हिक्टोरिया व अन्य शहरांतील टांगे यांच्या चाकांवर असे वक्र पत्रे असत. बैलगाडीला मात्र त्यांची गरज भासली नाही. याचे कारण गतीत आहे.

चाकाला चिकटलेला चिखल त्याच्याबरोबर वर्तुळात फिरत राहण्यासाठी केंद्राकडे ओढणारी प्रेरणा लागते. ही प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. ताशी ४ किमी. वेगाने जाणाऱ्या, ७० सेंमी. त्रिज्येच्या बैलगाडीच्या चाकावरील चिखलाला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रेरणा पुरते. उलट, ताशी ६० किमी. वेगाने जाणाऱ्या, ३५ सेंमी. त्रिज्येच्या मोटारीच्या चाकावर ती वजनाच्या सु. ८० पट लागते. एवढी पकड चिखलात नसते, म्हणून तो स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो व चाककमानीवर गाडीच्या वेगाइतक्याच वेगाने आदळतो. शेतातून सावकाश बाहेर आलेल्या गाडीच्या टायरांतील माती पक्क्या रस्त्यावर वेग घेताच कमानींत का फेकली जाते, याचा उलगडा यावरून होतो.

मोटारगाड्यांचा आरंभकाळ : प्रारंभीच्या मोटारींचे मडगार्ड बॉडीपासून वेगळे असत. १९०८ मध्ये विक्रीस आलेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’ या गाडीत चारही चाकांवर पत्र्याचे सुटे मडगार्ड असून पुढचे व मागचे मडगार्ड पाय ठेवण्याच्या फळीने जोडलेले होते. ही रचना दिसण्यास बोजड असली, तरी तिच्यात एक मोठा गुण होता. पत्र्याच्या दोन्ही बाजू उघड्या असल्याने त्या धुता येत, वाऱ्याने सुकत, गंज लागल्यास दिसत आणि मडगार्ड निकामी झाल्यास बोल्ट काढून बदलता येई.

हा गुण पुढील काळात मागे पडला. फ्रान्समधील सीत्रोएन कंपनीच्या १९३४ च्या ‘त्राक्सियाँ आव्हाँ’ या गाडीने वेगळ्या सांगाड्याऐवजी एकसंध पोलादी बॉडीची रचना मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर मडगार्ड बॉडीच्या सपाट बाजूंत विलीन झाले. त्यामुळे बाहेरचा दर्शनी पत्रा व आतील कमानीचा पत्रा यांच्यामध्ये अरुंद, बंदिस्त कप्पे निर्माण झाले. दोन पत्रे एकमेकांवर दुमडून वितळजोडाच्या ठिपक्यांनी सांधले जात. अशा सांध्यांतील केसाएवढ्या फटींत पाणी शिरे. पण ते बाहेर पडण्यास वाट नसे.

जीप : आडवाटेच्या वाहनांचा आधुनिक इतिहास जीपपासून सुरू होतो. अमेरिकेच्या लष्कराने १९४० मध्ये हलक्या, चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या टेहळणी वाहनाची मागणी केली. बँटम कंपनीने त्याच वर्षी पहिला नमुना सादर केला आणि विलिस व फोर्ड या कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. जीपचे पुढचे मडगार्ड सपाट पत्र्याचे होते. त्यांना शोभेची वळणे नव्हती. ते साच्यात चटकन बनत, बोल्टने बसत आणि वेळप्रसंगी टेबलासारखे वापरता येत. खालची बाजू मोकळी असल्याने चिखल खाली पडून जाई. मागील चाकांच्या कमानी मात्र पेटीसारख्या बॉडीचाच भाग होत्या आणि त्यांच्या कोपऱ्यांत माती साचे. युद्धकालीन वाहनाचे अपेक्षित आयुष्य अल्प असल्याने गंजाचा विचार दुय्यम होता. युद्धानंतर हीच वाहने शेतकरी, वनखाती व सर्वेक्षक यांच्याकडे आली आणि त्यांच्याकडून दशकानुदशके सेवेची अपेक्षा होऊ लागली, तेव्हा हा दोष उघड झाला.

लँड रोव्हर : ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धोत्तर जीप वापरीत. तिच्यावरून सुचलेली लँड रोव्हर ही गाडी ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅम येथील मोटार प्रदर्शनात मांडण्यात आली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचा पुरवठा नियंत्रित होता. उलट विमानोद्योगामुळे ॲल्युमिनियम तुलनेने सुलभ होते. म्हणून तिची बॉडी ‘बर्माब्राइट’ या ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूची करण्यात आली. बंपर, कडपट्ट्या यांसारख्या काही पोलादी भागांना जस्ताचा मुलामा देण्यात आला. टंचाईपोटी केलेली ही निवड चाककमानींच्या दृष्टीने वरदान ठरली. ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप बनणारा ऑक्साइडाचा पातळ, घट्ट थर खालच्या धातूचे रक्षण करतो. त्यामुळे मडगार्ड लाल गंजापासून मुक्त राहिले.

परंतु चालकापुढील आडभिंत व मुख्य सांगाडा पोलादाचेच होते. पुढच्या चाकांनी उडविलेला चिखल या आडभिंतीवर जाऊ नये म्हणून कमानीच्या आत वेगळे चिखलरोधक पत्रे बसवीत. हे पत्रे काढून टाकलेल्या किंवा त्यांच्या कडा सैल झालेल्या गाड्यांत आडभिंतीचे खालचे भाग कुजत. शिवाय ॲल्युमिनियम व पोलाद जेथे एकमेकांस टेकत, तेथे खाऱ्या ओलाव्यात विद्युत् घट तयार होऊन ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होई. १९७० मध्ये आलेल्या रेंज रोव्हर या गाडीत हा विरोध अधिक ठळक झाला. तिचे बाहेरील बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे, तर आतील चाककमानी व बॉडीचा आधार पोलादाचा होता. त्यामुळे बाहेरून सुस्थितीत दिसणाऱ्या गाडीचा आतील पत्रा जीर्ण झालेला असे.

गंजण्याची प्रक्रिया : लोखंड गंजण्यास पाणी व ऑक्सिजन या दोहोंची आवश्यकता असते. ही विद्युत् रासायनिक विक्रिया आहे. धातूचा एक भाग धनाग्र बनून तेथील लोह आयनरूपाने विरघळते व दुसऱ्या भागी, म्हणजे ऋणाग्रावर, ऑक्सिजनाचे क्षपण होते. केंब्रिज येथील यू. आर. एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, धातूच्या ज्या भागास ऑक्सिजन कमी मिळतो, तोच भाग धनाग्र बनून झिजतो. हा निष्कर्ष प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. परंतु चाककमानीच्या बाबतीत तो निर्णायक आहे. चिखलाच्या लपेटीखाली हवा पोहोचत नाही, म्हणून पत्रा तेथे सुरक्षित राहतो, असा समज असतो. प्रत्यक्षात लपेटीखालचा ओला, हवेविना राहिलेला पत्राच झिजतो आणि तिच्या कडेचा, हवेशीर पत्रा ऋणाग्राचे काम करतो. दगडाच्या माराने रंगाचा टवका उडालेला असल्यास ही विक्रिया तेथूनच सुरू होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक असल्याने दोन पत्र्यांमधील सांधा आतून फुगतो, रंग उचलला जातो व पाण्याला आणखी वाट मिळते. बाहेरच्या रंगावर पहिला फुगवटा दिसेपर्यंत आतील पत्र्याची बरीच हानी झालेली असते.

मीठ या प्रक्रियेस दोन प्रकारे साहाय्य करते. क्लोराइड आयन पाण्याची विद्युत् संवाहकता वाढवितात व पत्र्यावरील संरक्षक थर भेदतात. तसेच मीठ हवेतील बाष्प शोषून घेते. सापेक्ष आर्द्रता सु. ७५ टक्क्यांच्या वर गेली की, साधे मीठ विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडाच्या बाबतीत ही मर्यादा सु. ३३ टक्के इतकी कमी आहे. म्हणजे पाऊस नसतानाही मीठमिश्रित चिखल ओलाच राहतो.

रस्त्यावरील मीठ : हिमवर्षावाच्या प्रदेशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ पसरण्याची पद्धत विसाव्या शतकात वाढली. अमेरिकेतील न्यू हँपशर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात हे धोरण सर्वसाधारणपणे अंगीकारले आणि युद्धानंतर ते उत्तर अमेरिका व यूरोपात सर्वत्र पसरले. रस्त्यांवरील अपघात टाळण्यासाठी योजलेला हा उपाय गाड्यांच्या आयुष्याच्या मुळावर आला. केवळ सौंदर्याचा हा प्रश्न नव्हता. मागील चाककमानीच्या खालच्या टोकाशी दरवाजाखालची तुळई जोडलेली असते आणि अनेक गाड्यांत आसनपट्ट्यांची बैठकही याच परिसरात असते. पत्रा कुजल्यास अपघाताच्या वेळी पट्टा प्रवाशाला धरून ठेवू शकत नाही. ब्रिटनमधील वाहनांच्या वार्षिक तपासणीत आसनपट्ट्यांच्या बैठकीपासून ३० सेंमी. च्या आतील भारवाही भाग गंजाने दुर्बळ झाल्यास गाडी अनुत्तीर्ण ठरवितात, ती याच कारणाने. कॅनडाच्या संघ शासनाने १९७८ मध्ये मोटारगाड्यांसाठी गंजप्रतिबंधक संहिता जाहीर केली. गंज हा निसर्गाचा अटळ नियम नसून उत्पादकाने आवरण्याची बाब आहे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले.

संरक्षक लेप : लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पी. जे. मालवँ यांनी १७४२ मध्ये केले होते आणि स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. सु. ४५०° से. तापमानाच्या वितळलेल्या जस्तात लोखंड बुडविल्यास त्यावर घट्ट थर बसतो. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी जस्त स्वतः धनाग्र बनून आधी झिजते व लोखंड वाचविते. एका धातूने दुसऱ्यासाठी झिजण्याचे हे तत्त्व हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांसाठी योजून दाखविले होते. दगडांच्या माराने रंग हमखास उडणाऱ्या चाककमानीला हे तत्त्व विशेष अनुरूप आहे. तरीही मोटार उद्योगात त्याचा सर्रास वापर उशिरा झाला. पोर्शे कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यास व आउडी कंपनीने १९८० च्या दशकात संपूर्ण बॉडीसाठी जस्तलेपित पत्रा वापरण्यास प्रारंभ केला.

रंगाच्या तंत्रातही मोठी सुधारणा झाली. टी. डब्ल्यू. कॉस्लेट यांच्या १९०६ च्या एकस्वापासून विकसित झालेल्या फॉस्फेट लेपनामुळे रंग पोलादावर घट्ट बसू लागला. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी विकसित केलेल्या विद्युत् निक्षेपणाच्या पद्धतीने १९६० च्या दशकात बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने बंदिस्त कप्प्यांतही अस्तर रंग पोहोचविणे शक्य झाले. १९७६ पासून मोटारींसाठी बॉडीला ऋणाग्र करण्याची अधिक परिणामकारक पद्धत वापरात आली.

जुन्या गाड्यांसाठी वेगळे उपाय निघाले. डांबरी लेप स्वस्त व दगडांचा मार सोसणारा असल्याने तो लोकप्रिय झाला. परंतु काही वर्षांनी तो कडक होऊन तडकतो व त्याच्या मागे पाणी अडकते. गंजलेल्या किंवा ओल्या पत्र्यावर तो थापल्यास गंज थांबत नाही, केवळ झाकला जातो. डेट्रॉइट येथे कुर्ट झीबार्ट या कारागिराने १९५९ मध्ये बंदिस्त कप्प्यांत संरक्षक द्रव्य फवारण्याची पद्धत व्यवसायरूपाने सुरू केली. फटींत झिरपणारी, मऊ राहणारी मेणासारखी द्रव्ये डांबरापेक्षा अधिक उपयुक्त असल्याचे अनुभवास आले. मात्र ती चाकाच्या माराने पुसली जात असल्याने उघड्या कमानीवर कठीण, लवचिक लेप व आतील कप्प्यांत मेण असा संयुक्त उपाय योजतात.

एकसंध बॉडी व प्लास्टिकची अस्तरे : आडवाटेची वाहनेही पुढे एकसंध बॉडीची होऊ लागली. सोव्हिएट संघातील १९७७ ची लाडा निवा आणि १९८४ च्या हंगामासाठी आलेली जीप चेरोकी ही याची प्रमुख उदाहरणे होत. अशा गाडीत चाककमान हा निव्वळ पडदा न राहता भार वाहणारा अवयव बनतो. म्हणून तिचा गंज थेट गाडीच्या बळावर परिणाम करतो. याच सुमारास पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीन यांची साच्यात घडविलेली अस्तरे कमानीत बसविण्याची प्रथा वाढली. प्लास्टिक गंजत नाही व दगडाचा मार लवचिकपणे सोसते. पुढे आवाज शोषणारी, दाबलेल्या तंतूंची अस्तरेही आली. परंतु अस्तर व पत्रा यांच्यामध्ये बारीक माती व पाने शिरल्यास तेथे पुन्हा एक बंदिस्त, ओला कप्पा तयार होतो आणि तो अस्तर काढल्याखेरीज दिसत नाही.

रुंद टायर बसविणाऱ्या हौशी चालकांनी कमानीच्या कडेस जोडलेल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या झालरींबाबतही हाच अनुभव येतो. झालर पक्की करण्यासाठी पत्र्यास पाडलेली भोके रंगविली नाहीत, तर प्रत्येक भोक गंजाचे केंद्र बनते. टायर कमानीबाहेर डोकावू नये, यासाठी कायद्यानेही नियम केले आहेत. यूरोपीय समुदायाच्या १२ जून १९७८ च्या निर्देशानुसार चाकाच्या मध्यापासून पुढे ३०° व मागे ५०° एवढ्या भागात मडगार्डने टायरची संपूर्ण रुंदी झाकणे आवश्यक ठरविण्यात आले.

भारतातील स्थिती : महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली आणि सपाट मडगार्डची ही गाडी शासकीय खाती, पोलीस, पाटबंधारे व ग्रामीण वाहतूक यांत सर्वपरिचित झाली. मागील चाककमानींवर गाद्या घालून समोरासमोर बसण्याची सोय करीत. त्यामुळे कमान ही येथे आसनही ठरली. २०१० पासून याच परंपरेतील थार या गाडीचे उत्पादन नासिक येथे होऊ लागले.

महाराष्ट्रात रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकावे लागत नाही. तरी गंजाची कारणे भिन्न स्वरूपात आहेतच. दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. ती कमानीला चिकटते, वाळल्यावर विटेसारखी कठीण होते व पहिल्या सरीबरोबर पुन्हा ओली होऊन दीर्घकाळ ओलावा धरून ठेवते. कोकण व गोवा येथे समुद्राच्या तुषारांतील क्षार, पावसाळ्यातील सततची आर्द्रता आणि जांभ्या दगडाच्या खडीचा मार हे तिन्ही घटक एकत्र येतात. पुळणीवर चालविलेल्या गाड्या आणि खारे पाणी गळणारी मासळीची वाहने यांत गंज लवकर होतो. म्हणून एकाच बनावटीची गाडी औरंगाबादेत—१७ व्या शतकापासून रूढ असलेल्या व २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झालेल्या शहरात—आणि मालवणात सारखीच टिकेल, असे मानणे बरोबर नाही.

देखभाल : चिखलातून आलेल्या गाडीच्या कमानी माती वाळण्यापूर्वी आतील बाजूने भरपूर गोड्या पाण्याने धुणे, हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय होय. पाण्याचा झोत फार जोराचा असल्यास टवक्यांच्या कडांवरील रंग सुटतो. तुळईची निचऱ्याची भोके मोकळी ठेवावी लागतात. ती लेपाने बुजविल्यास हेतूच नाहीसा होतो. प्लास्टिकचे अस्तर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, काढून मागील माती साफ करणे इष्ट असते. टवका उडालेल्या जागी गंज खरवडून जस्तयुक्त अस्तर रंग लावतात. कुजलेला पत्रा कापून नवा बसविताना वितळजोडाच्या उष्णतेने सभोवतीचे जस्त जळून जाते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा लेप देणे अत्यावश्यक असते. ही शेवटची पायरी वगळल्यास नवा पत्रा जुन्यापेक्षा लवकर गंजतो.

लँड रोव्हर ‘डिफेंडर’चे मूळ रूपातील उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबले आणि २०१९ मध्ये त्याच नावाची, ॲल्युमिनियमच्या एकसंध बॉडीची गाडी पुढे आली. जस्तलेपित पोलाद, विद्युत् निक्षेपण व ॲल्युमिनियम यांमुळे चाककमानींचे आयुष्य पूर्वीच्या तुलनेने अनेक पटींनी वाढले आहे. तथापि या इतिहासातून निष्पन्न होणारे सूत्र बदललेले नाही. कमानीवर जे आदळते त्यापेक्षा तिच्यात जे साचून राहते तेच अधिक हानिकारक असते. म्हणून पाण्याला बाहेर पडण्यास वाट, हवेला आत येण्यास वाव आणि हाताला व नजरेला पोहोचण्याची सोय ज्या रचनेत आहे, तीच दीर्घकाळ टिकते. प्रारंभीच्या मोटारींच्या सुट्या, उघड्या मडगार्डमध्ये हे तिन्ही गुण होते.